उलटा हात

मंगल विजेच्या कुठल्याही वस्तूला सरळ हात लावत नाही. फ्रिज उघडायचा झाला तरी आधी उजव्या हाताची मागची बाजू दाराला टेकवते, क्षणभर थांबते, मग दांडी धरते. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळ्यांना हाच नेम. ही सवय तिला नवऱ्यानं लावली. मारुतीराव उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वीस वर्षं कामाला आहेत. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सांगितलं होतं, "करंट असला तर सरळ हाताची मूठ आवळती आणि माणूस चिकटतंय. उलटा हात आपसूक मागं येतोय. यंत्राला आधी उलटा हात, मग सरळ. देवाला नमस्कार करतीस तसं रोज करायचं."

ती तसं रोज करत आली. फक्त गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला गिटारला तिनं उलटा हात लावला नव्हता. गिटार म्हणजे काय यंत्र आहे का, असं तिला वाटलं होतं.

गिटार तिच्या धाकट्या भावाची, स्वरूपची. कॉलेजात असताना तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बेंगळूरला नोकरी लागली तेव्हा ती लाल इलेक्ट्रिक गिटार आणि आवाज मोठा करायचा छोटा अँप आक्काच्या अनगोळच्या घरी ठेवून गेला. "आक्का, धूळ तेवढी पुसत जा." धूळ पुसता पुसता मंगल ती छेडायला लागली. लहानपणापासून पेटीवर हात बसलेला, सूर कानात होते. चाळिशी उलटलेली बाई पलंगाच्या कडेला बसून सासूबाईंच्या वेळच्या अभंगांच्या चाली तारेवर शोधायची. बोट तारेवरून घसरवत नेलं की वीणेसारखा लांबलचक सूर निघायचा आणि कुकरची शिट्टी तिला ऐकूच यायची नाही.

सासरचं गाव हिंडलग्याच्या पुढं. तिथल्या कलमेश्वराच्या देवळात बायकांचं भजनी मंडळ आहे. मंगल दर सोमवारी बसनं तिथं जाते. मंडळाच्या म्होरक्या अक्काताई, वय साठीच्या पुढं, आवाज अजून खणखणीत. मंगलनं एकदा धीर करून गिटार नेली तेव्हा गावातली दोन-चार माणसं कुरकुरली. महादेवाच्या देवळात ऑर्केस्ट्राचं वाद्य कशाला? अक्काताईंनी टाळ खाली ठेवला आणि म्हणाल्या, "देवाला कान हायत. त्यो ठरवंल."

कुरकुर तिथंच मिटली. पण ते वाक्य मंगलच्या काळजात जाऊन बसलं.

आणि मग गेल्या वर्षीची ती पौर्णिमा आली. दीपोत्सवासाठी सभामंडप बादल्यांनी धुतलेला, फरशी ओलीच. पायऱ्यांवर पणत्या, खांबांना लायटिंगच्या माळा. देवळात चपला कुठल्या, सगळ्याजणी अनवाणी. मंगल खांबाला टेकून बसली होती, डावा हात तारांवर. अभंगाचं ध्रुपद म्हणायला ती माईककडं वाकली आणि ओठ त्या जाळीला लागले.

टच्च असा आवाज झाला. डोळ्यांच्या आत निळं काहीतरी फुटलं. डावा हात कुणीतरी खांद्यातून उपटून नेतंय असं वाटलं, आणि पुढं पाहिलं तर ती फरशीवर आडवी होती, अक्काताईंच्या मांडीवर डोकं आणि तोंडावर पाणी.

"उपासाची चक्कर गं," कुणीतरी म्हणालं.

मंगलनं वर पाहिलं. गाभाऱ्यात पिंडीजवळची समई शांत जळत होती. त्यो ठरवंल. तिला वाटलं, ठरवलं त्यानं. आपल्या तोंडातून त्याचं नाव निघायच्या आत त्यानं ओठांवरच मारलं.

"व्हय," ती म्हणाली, "चक्करच."

त्या एका शब्दानं पुढचं वर्ष बांधून टाकलं. ओठावर मोहरीएवढा काळा डाग उरला होता, तो दुधाच्या पेल्यानं भाजला असं तिनं मारुतीरावांना सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी गिटार त्याच दिवशी बेंगळूरच्या गाडीत टाकली असती. गावात सांगितलं असतं तर कुरकुरणारी माणसं म्हणाली असती, बघा, देवानं नको म्हटलं. आणि ती माणसं तसं म्हणाली असती त्यापेक्षा तिचं मन रोज तसं म्हणत होतं, ते जास्त वाईट होतं. घरी पूजेला बसल्यावर ती देव्हाऱ्यातल्या पिंडीकडं बघायची आणि डोळे खाली घालायची. विचारायची हिंमत होत नव्हती, कारण उत्तर आलं तर?

ती घरी वाजवायची, नाही असं नाही. पण रबरी चपला घालून, लाकडी पाटावर उभी राहून, दार लोटून. तोंडानं एक अक्षर म्हणायची नाही. अँप चालू केला की गिटार आपोआप घूं करायची, दुपारी बंद खोलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखी. तारांना हात लावला की ती गुणगुण खाली बसायची. इतर कुणी म्हटलं असतं, बरं झालं, आवाज कमी झाला. मंगलला वाटायचं, जनावर दबा धरून बसलंय. त्या संध्याकाळीही लायटिंगच्या माळांमध्ये हीच गुणगुण चढली होती, तिला नीट आठवत होतं. आधी फुत्कार, मग डंख. तिच्या हिशेबी ती गुणगुण म्हणजेच करंट होता. ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती, आणि ऐकू येते आहे तोवर ती तिथं आहे.

नवरात्रात अक्काताई घरी आल्या. चहा बशीत ओतून म्हणाल्या, "वरीस झालं, रोज नवं कारण सांगालीस. या पौर्णिमेला तू वाजिवणार. न्हायतर मी म्हणणार न्हाय. बघ तुझं तू."

"अक्काताई, माझं जरा..."

"उपास करू नको त्या दिवशी. म्हादेव काय रागावत न्हाय. दोन भाकऱ्या खाऊन ये."

मंगल हसली, पण तिच्या हातातला चहाचा कप बशीवर किणकिणत होता. अक्काताईंनी तो पाहिला आणि वाटलं अशक्तपणा. जाताना पिशवीतून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून ठेवली.

त्याच संध्याकाळी मंगलनं स्वरूपला फोन लावला. शॉकचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ती गिटार घूं करती बघ, ते बंद करायला काय करायचं रं?"

"तारांखाली ती पांढरी पट्टी आहे ना, चुंबकाची? तारेची थरथर पकडणारी. तिला पिकअप म्हणतात. तुझ्या गिटारला एका वेटोळ्याचे आहेत, म्हणून गुणगुणतात. हमबकर बसव. दोन वेटोळ्यांचा असतो. गुणगुण जाईल."

"जाईल नव्हं? नक्की?"

"नक्की. पण आक्का, घाईनं कुठलाही घेऊ नको. एक कर्कश असतो, एक मऊ असतो, तुझ्या भजनाला..."

पुढचं तिच्या डोक्यात शिरलंच नाही. जाईल, एवढंच तिनं ऐकलं होतं.

पिरनवाडीच्या रस्त्याला मष्णूचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या मोटरी, मिक्सर, पंखे. दारात तांब्याच्या तारांची भेंडोळी, आत वार्निशचा उग्र वास. बँजो पार्टीवाल्यांची आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची वाद्यंही तोच दुरुस्त करतो, म्हणून स्वरूपनं त्याचं नाव सांगितलं होतं. मंगल गिटार चादरीत गुंडाळून रिक्षानं गेली. अँप नेला नाही. अँपचं काय, त्याचा काय दोष.

मष्णू एका गिऱ्हाइकाशी कानडीत पंपाचं बोलत होता. त्याला वाटेला लावून त्यानं चादर सोडली आणि तारांवर अंगठा फिरवला.

"अँप आणला न्हाईसा?"

"ते बरं हाय."

"काय त्रास हाय गिटारीला?"

"घूं करती."

मष्णूनं दुकानातल्या अँपला गिटार जोडली. शेजारी एक दुरुस्त झालेली मोटर तपासायला चालू होती, वर ट्यूबलाइट. गिटार एवढ्या मोठ्यानं घुमायला लागली की मंगल दोन पावलं मागं सरून दाराच्या चौकटीला टेकली. मष्णूला त्यात काही वाटलं नाही. त्यानं टेबलाच्या खणातून तीन हमबकर काढून फडक्यावर ओळीनं मांडले, भाजी मांडावी तसे.

"हे दोन वेटोळ्यांचं कसं असतंय सांगतो. घरात दोन जावा असत्यात बघा. बाहेरची कागाळी आली की एक म्हणती खरं, दुसरी म्हणती खोटं, आणि कागाळी तिथंच मरती. पर घरचं गाणं म्हणायचं झालं की दोघी एका सुरात. तसं हाय. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत शिरती, पर दुसरं उलटं गुंडाळलेलं असतंय, म्हणून एकमेकाला मारत्यात. तारेचा आवाज मारत न्हाईत, कारण चुंबकं बी उलटी बसीवलेली असत्यात. उलट्याचं उलटं, सुलटं."

"तुमच्या घरात अशा जावा हायत?" मंगलनं विचारलं. भीतीतही जीभ जागी होती.

"आमच्या घरात तीन हायत, म्हणून तर मी दिवसभर दुकानात असतोय."

त्यानं पहिला हमबकर उचलला. "ह्यो काळ्या चुंबकाचा. वेढे लई. लग्नाच्या वरातीत चालतोय, दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जातोय." मग दुसरा. "ह्यो मधला. स्वच्छ, जरा धारदार." तिसऱ्यावर पितळी वाटीसारखं झाकण होतं, चांदीचा मुलामा दिलेलं. "ह्यो मवाळ चुंबकाचा, वेढे कमी. म्हाताऱ्या गवयासारखा. जोर न्हाय, पर गोड."

तिन्ही त्यानं एका मोडक्या गिटारीच्या फळीवर आळीपाळीनं लावून दाखवले. प्रत्येक वेळी तो तारा छेडायचा आणि मंगलकडं बघायचा, कसं वाटलं म्हणून. मंगल तारा वाजताना ऐकतच नव्हती. तो हात उचलायचा, तेव्हा ती कान द्यायची. मान पुढं, डोळे मिटलेले, शेजारच्या खोलीत आजारी माणसाचा श्वास चालू आहे का हे ऐकावं तशी.

"ह्याच्यात जरा येतंय," पहिल्याबद्दल ती म्हणाली.

"वेढे जास्ती, म्हणून किंचित."

"आणि ह्याच्यात?"

"न्हाईच म्हणा की."

"किंचित बी नको. सगळ्यात शांत कुठला?"

मष्णूनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. "बाई, लोक आवाज बघून घेत्यात. तुम्ही शांतता बघून घेतासा."

मंगलचा अंगठा नकळत ओठावरच्या डागाकडं गेला होता.

"सगळ्यात शांत हा झाकणाचा," मष्णू म्हणाला. "झाकण बी बाहेरचं काय आत येऊ देत न्हाय. पर हा रुंद हाय, तुमच्या गिटारीचं भोक अरुंद. लाकूड कापावं लागंल. एका वेटोळ्याच्या भोकात मावणारं बारीक हमबकर बी मिळतंय, त्याला कापायला नको. पर ते ह्याच्याइतकं मवाळ न्हाय, थोडी चिरचिर असती."

भावाची गिटार. एकदा कापलं की परत जुळत नाही. मंगलनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मग लक्षात आलं की ज्याला विचारायची भीती त्यालाच विचारतो आहोत.

"कापा," ती म्हणाली.

"मधला दोन दिवस आणखी ऐकून बघा म्हणतो मी. भजनाला त्यो बी..."

"झाकणाचाच. कापा तुम्ही."

चार दिवसांनी ती गिटार आणायला गेली. मष्णूनं आवाज कमी-जास्त करायची खुंटीही बदलली होती, नाहीतर नवा पिकअप पांघरुणातून बोलल्यासारखा वाटला असता म्हणे. निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली, ती तिला त्या वेळी आवडली नाही. "बाई, गुणगुण म्हंजे करंट न्हवं. गुणगुण गेली म्हणून करंट गेला असं धरू नका. उलट गुणगुण असली की माणूस सावध तरी राहतंय. आणि अँप एकदा दावा मला. पौर्णिमेला मी ऐकायला येतोय."

"बरं," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली. मनात म्हणाली, ह्याला काय ठाऊक.

घरी येऊन अँप लावला. दिवा लागला. ती पाटावर उभी, चपला पायात. खोलीत आवाज नाही. घड्याळाची टिकटिक, बाहेर भंगारवाल्याची हाक, बस. तिनं तारा छेडल्या. सूर उमटला, गोल आणि मऊ, आणि विरल्यावर मागं पुन्हा काहीच नाही. मंगलच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा ती पूजेला बसल्यावर पिंडीकडं सरळ बघू शकली. पण चपला काही तिनं काढल्या नाहीत, हेही खरं.

पौर्णिमेच्या दुपारी मारुतीराव सुट्टी काढून बरोबर आले. अँप त्यांनीच गाडीवर पुढ्यात घेतला. देवळात पोचल्यावर मंगलनं पायरीशी चपला काढल्या. पायाला ओली फरशी लागली आणि तळव्यातून वर मानेपर्यंत सगळं आखडलं. तोच खांब. तीच जागा. गुरव भरमाअण्णा गाभाऱ्यात पिंडीला अभिषेक करत होते. पाणी गोमुखातून देवळाच्या मागच्या बाजूला पडत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. अक्काताईंच्या सांगण्यावरून ती खरंच दोन भाकऱ्या खाऊन आली होती.

दिवस मावळायला तासभर होता. लायटिंगच्या माळा लागल्या. मारुतीरावांनी अँपची वायर मंडपवाल्याच्या बोर्डात घातली, बटण दाबलं.

शांतता.

मंगलनं कान दिला. खांबांना माळा, वर ट्यूब, शेजारी माईकची वायर, आणि तरी गिटार एका शब्दानं बोलली नाही. शेजारी ज्योत्स्ना बसली होती. ती गावच्या शाळेत शिक्षिका, मंडळातली सगळ्यात तरुण, तिशीची, हातात माईक तपासत होती. "वैनी, भारी झालंय की. गेल्या साली किती घुमत होतं."

"व्हय," मंगल म्हणाली. आणि तिला वाटलं, संपलं. निघून गेलं ते. तिनं तारांकडं हात नेला.

हात उलटा गेला. ठरवून नाही. वीस वर्षांची सवय, फ्रिजच्या दाराकडं जातो तसा हात आपोआप वळला आणि बोटांची मागची बाजू तारांना टेकली.

मुंग्या. अगदी बारीक. सुयांच्या टोकांनी कुणीतरी कातडीखाली लिहीत असल्यासारख्या. हात आपसूक मागं आला.

तिनं परत टेकवला. परत मुंग्या, आणि या वेळी मनगटापर्यंत.

गिटार शांत होती. इतकी शांत की गोमुखातलं पाणी ऐकू येत होतं. मंगलला त्या शांततेची जेवढी भीती वाटली तेवढी गुणगुणीची कधी वाटली नव्हती. निदान आधी ते जनावर आवाज तरी करायचं. आपणच त्याचं तोंड बांधून घरी आणलं होतं, निवडून, लाकूड कापून. आणि दुसरा विचार लगेच मागून आला: हा करंट नाहीच. हा तोच आहे, गाभाऱ्यात बसलेला. वर्षभर थांबला, आणि आज परत नको म्हणतोय.

तिनं गिटार मांडीवरून उचलून अलगद बाजूला ठेवली, चादरीवर, तारांना न शिवता. तोंडातून शब्द आला तो ओळखीचाच. "मला जरा चक्कर..."

"बस तू, बस," अक्काताई पुढं झाल्या. "सांगितलं होतं, खाऊन ये म्हणून."

"खाल्लंय अक्काताई."

"मग कशाची चक्कर?"

"वैनी, तुम्ही खांबाला टेका," ज्योत्स्ना म्हणाली. "तंवर गिटार मी सुरात लावून ठेवते. तुम्हीच शिकवलंय की." तिच्या उजव्या हातात माईक होता. डावा हात तिनं गिटारीच्या मानेकडं नेला. सरळ हात.

मंगलनं पुढं काय केलं हे तिला स्वतःला नीट सांगता येत नाही. ती गुडघ्यावर सरकत गेली, ओल्या फरशीवरून, आणि अँपची वायर दोन्ही हातांनी धरून बोर्डातून उपसली. बोर्ड आपटला. एक पणती लवंडली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत राहिल्या आणि ज्योत्स्नाचा हात हवेतच थांबला.

"शिवू नको त्याला," मंगल म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. वायर अजून हातात होती. "गेल्या साली मला चक्कर आली न्हवती. शॉक बसलाता. ओठाला. आता बी हाय त्यात करंट."

अक्काताई हळूच खाली बसल्या. "आणि मी वरीसभर तुला गूळ-शेंगदाणं चारालोय," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून, "का बोलली न्हाईस गं?"

मंगलनं गाभाऱ्याकडं बोट केलं. "तुम्ही म्हटला होतासा, त्यो ठरवंल."

अक्काताईंचा चेहरा उतरला.

मारुतीराव तोवर वायरीचा प्लग हातात घेऊन उभे होते. तीन पिनांच्या जागी दोनच पिना होत्या. तिसऱ्या, मोठ्या पिनेच्या जागी मोडलेलं पितळ. ते त्या मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवत होते, परत परत.

"हे मी मोडलंय," ते म्हणाले. "गेल्या साली. ह्या बोर्डाला दोनच भोकं होती आणि भजन सुरू व्हायचं होतं. पक्कड घेऊन मीच मोडलो." फौंड्रीत लोकांना उलटा हात शिकवणारा माणूस. त्यांनी मंगलच्या ओठाकडं पाहिलं, आणि दुधाच्या पेल्याचं त्यांना काय ते कळलं.

मष्णू बोलल्याप्रमाणं आला होता. मागं पायरीवर बसून ऐकत होता, तो उठला. त्यानं बोर्ड उचलला, पेचकसानं खोलला. आत दोनच तारा. "तिसरी अर्थिंगची तारच न्हाय ह्यात. अँपातनं करंट गळतोय थोडा, जुना झालाय. त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. वाट न्हाय, म्हणून त्यो तारांवर बसून माणूस बघतोय. हितं तर सगळी अनवाणी आणि फरशी ओली." मग मंगलकडं वळून, "देवाचं काय न्हाय ह्यात बाई. पिनेचं हाय."

"मग आज गिटार राहू दे," कुणीतरी म्हणालं.

"जमिनीत पाइप ठोकला, तर तासात होतंय. पर माती ओली पाहिजे. हितं सगळी फरशी आणि मुरूम. कोरड्यात उपेग न्हाय."

मागं पाण्याचा बारीक आवाज चालूच होता. भरमाअण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्यात ओलेत्यानं उभे होते, हातात रिकामी कळशी. त्यांनी मागच्या भिंतीकडं मान वळवली.

"गोमुखाखाली बारा महिने चिखल असतोय," ते म्हणाले.

अक्काताई चपापल्या. "अण्णा, तीर्थाची जागा ती. तिथं लोखंड?"

गोमुखाचं पाणी कुणी ओलांडत नाही. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा घालतात, तिथपर्यंत जाऊन माघारी फिरतात. मंगलनं लहानपणापासून ते पाणी कधी ओलांडलं नव्हतं. ती भरमाअण्णांकडं बघत राहिली. वर्षभर जो प्रश्न विचारला नव्हता तो दुसऱ्याच कुणीतरी विचारून टाकला होता.

भरमाअण्णांनी कळशी खाली ठेवली. "कुणी ओलांडत न्हाय म्हणूनच बरं. तारेला कुणाचा पाय लागणार न्हाय." मग म्हणाले, "सगळ्यांचं वाईट त्योच पोटात घेतोय. हे बी घेऊ दे."

मष्णूनं गाडीच्या डिकीतून हत्यारं आणली, पंपाचा जुना लोखंडी पाइप गावातूनच मिळाला. मारुतीरावांनी शर्ट काढून घण घेतला. घणाचा प्रत्येक घाव मंगलला सभामंडपात बसून छातीत लागत होता. नवा प्लग मारुतीरावांनीच बसवला, तिन्ही पिनांचा, आणि बोर्डात तीन भोकांचं सॉकेट घालून त्याला पाइपापासून तिसरी तार ओढून घेतली. पेच त्यांनी दोनदा आवळून पाहिले.

मग मष्णूनं एक होल्डर काढला, दोन तारा लोंबणारा, त्यात साधा पिवळा बल्ब. "एक तार लाइटीला, एक त्या पाइपाला. माती चांगली असंल तर ह्यो पेटणार. न्हायतर न्हाय."

सगळे मागच्या दाराशी गोळा झाले. मंगल सगळ्यात मागं. तिला बघायचं नव्हतं. नाही पेटला, तर देवाचं उत्तर तिला कायमचं कळून चुकलं असतं.

मष्णूनं तार टेकवली. बल्ब पेटला. मिणमिणता नाही, लख्ख. गोमुखातून पडणाऱ्या पाण्यावर त्याचा उजेड हलत होता. तुळशीचं एक पान त्या पाण्याबरोबर पाइपाशी येऊन अडकलं.

अक्काताईंनी हात जोडले. बल्बाला की गोमुखाला, कुणास ठाऊक.

भजन सुरू व्हायला अर्धा तास उशीर झाला. पणत्या लागल्या होत्या. मंगल खांबाला टेकून बसली, पाय ओल्या फरशीवर. अँप चालू झाला. शांतता, तशीच. आता ती शांततेवर विश्वास ठेवणार नव्हती, कधीच. तिनं उलटा हात नेला आणि तारांना टेकवला. थांबली. तार फक्त तार होती, गार, थोडी खरखरीत. तिनं परत टेकवला. तिसऱ्यांदाही. अक्काताई टाळ धरून थांबल्या होत्या, आज घाई करत नव्हत्या.

तिनं हात सुलटा केला आणि पहिला सूर लावला. मवाळ, गोल, म्हाताऱ्या गवयासारखा. मष्णू पायरीवर मान डोलवत होता. मारुतीराव बोर्डाजवळ उकिडवे बसले होते आणि प्लगवरून नजर हलवत नव्हते.

ध्रुपद आलं. सगळ्याजणी म्हणायला लागल्या, मंगलचं तोंड मिटलेलं. माईक बोटभर अंतरावर होता. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं आणि गेलं. ज्योत्स्नानं तिच्याकडं पाहिलं, पण माईक पुढं सारला नाही, मागंही घेतला नाही.

तिसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा तारांवरचा हात तिनं तसाच ठेवला, डोळे उघडे ठेवून गाभाऱ्याकडं पाहिलं आणि वाकली. ओठ जाळीला लागले. जाळी नुसती गार होती. तिनं म्हणायला सुरुवात केली.